क्रीटमधलं पिठलं

इंदिरानगर, नाशिक
५ जानेवारी २०२५

ती. लंकाअक्कास शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मी संजनाला ग्रीसमधल्या क्रीट बेटावर नेतोय! हसू नकोस. समुद्राकाठचा खरा सीझन डिसेंबर-जानेवारी, हे गोव्याच्या वाऱ्या केलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. ऐन सीझनमध्ये घर निम्म्या भाड्यात मिळवलंय. फुलाफुलांचे शर्ट आणि पोहायची चड्डीही घेतली.

कारण तुला ठाऊक आहे. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मी घरातच इन्स्पेक्शन करतो, असं तिचं म्हणणं. परवा भाजीत मीठ कमी म्हणालो, तर तिने बॅगच काढली. फेब्रुवारीपासून ती वेदिकाकडे पुण्याला राहणार, कायमची. लेकीचंच घर, त्यामुळे मला भांडताही येत नाही. ही सहल फसली तर माझं काही खरं नाही, अक्का.

तुझा,
शेखर

सटाणा
१० जानेवारी

चि. शेखरला अनेक आशीर्वाद.

अरे, बायको रुसली तर माणूस साडी आणतो, तू बेट काढलंस! इकडे लाल कांदा मार्केटला न्यायची घाई आहे, तरी लिहिते. लहानपणी मी भाकरी थापायचे आणि तू ती वाकडी म्हणायचास. मी उलथनं उगारायचे, संजनाने बॅग काढली, एवढाच फरक. तिकडे तोंडाला कुलूप लाव. आणि थोडं बेसन बरोबर ने, परमुलखात पिठल्यासारखा आधार नाही.

अक्का

क्रीट
१९ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

तुझा भाऊ गाढव आहे. इथला सीझन उन्हाळ्यात असतो! हॉटेलं बंद, खुर्च्या उलट्या, पोहायच्या तलावावर ताडपत्री. वारा असा, की फुलाफुलांच्या शर्टावर स्वेटर आणि त्यावर संजनाची शाल. किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि मांजरं. घरमालकीणबाईंनी हातवारे करून विचारलं, की तुम्ही चुकून आलात का. मी छाती काढून नाही म्हणालो.

पहिल्याच दिवशी संजनाने सांगून टाकलं, की ती सहलीला आली आहे, गॅसपुढे उभी राहणार नाही. मग काय, तुझं बेसन काढलं. गुठळ्या झाल्या, मीठ विसरलो. तिने चाखलं आणि माझ्याच सुरात म्हणाली, की मीठ कमी आहे. मग हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती वर्षांनी हसली गं! मलाही रडू आलं. तपासायला इथे काही उघडंच नाही, म्हणून रोज तिचं ऐकत बसतो. पुण्याचं मात्र ती काही बोलत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

तुझा,
शेखर

नाशिक
२ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आलो. ह्यांनी सर्दी तेवढी आणली. गर्दी टाळायला मुद्दाम थंडीत गेलो, असं गल्लीभर सांगत फिरतायत.

तिकडे सगळं बंद असणार, हे वेदिकाने मला आधीच सांगितलं होतं. मी गप्प बसले. सीझन असता तर हे साऱ्या बेटाचं इन्स्पेक्शन करत फिरले असते, आणि मी मागे पिशव्या धरून. मला हे एकदा तरी रिकामे हवे होते, माझ्यापुरते.

पुण्याची बॅग माळ्यावर टाकली. आज सकाळी ह्यांनी आपणहून पिठलं केलं. गुठळ्या होत्याच, पण मी मीठ बरोबर पडलंय म्हणाले. बेट बंद असणार हे मला आधीच माहीत होतं, एवढं मात्र ह्यांना कळू देऊ नका, नाहीतर पिठलं बंद व्हायचं.

लोभ बारमाही असावा.

आपली,
संजना