नागापूरच्या कोळशाची कोंबडी

५ एप्रिल १९४३, सोमवार
नागापूरला कोळसा निघणार! खाणीच्या साहेबांनी आज माळावर भाषणच ठोकलं. मी म्हटलं, साहेब, इकडे नगरच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, कोळसा नव्हे. "काळा आहे ना?" — संपला वाद. युद्धामुळे पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात, म्हणून कोळसा पाहिजे. आणि पाहिजे म्हणजे असणारच!

मला शाळेतून उसनं आणलंय. मुलांना बेडूक फाडून दाखवतो, एवढीच पात्रता. सुरुंग उडाला की खड्ड्याच्या तळाशी विषारी हवा साचते. तेव्हा आधी टोपलीतून कोंबडी सोडायची, पाव तासाने वर काढायची, तिचे श्वास मोजायचे. कोंबडी ठीक, तर माणसं खाली. हुकूम मी द्यायचा.

मुकादम आसाराम म्हणाला, "मास्तर, तुमी चुकला तर आमी मेलो." हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

६ एप्रिल
कोंबडी छबूबाईची. गड्यांचा स्वयंपाक ती करते. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी कोंबडीला हात लावलेला नाही. आईला कळलं तर मला अंगणातच अंघोळ घालील. तक्ता आखला — तारीख, वेळ, मिनिटाला श्वास.

७ एप्रिल
श्वास मोजू देत नाही. कोटाला चोच मारली. हवा उत्तम.

९ एप्रिल
टोपली वर आली. कोंबडी पिसं फुगवून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, ढोसलं तरी उठेना. विषारी हवा! माणसं थांबवली. आसाराम बाभळीखाली लगेच आडवा झाला.

१२ एप्रिल
तेच. दाणा खात नाही, उठत नाही. माणसं बसून.

१३ एप्रिल
तेच. साहेबांना तीन पानी अहवाल पाठवला. शीर्षक: 'नागापूर विवरातील मंद विषाचा कुक्कुटदेहावरील परिणाम'. साहेब भलतेच खूष. विषारी हवा आहे म्हणजे कोळसा आहेच! मी पण खूष. उगाच का खोटं लिहू!

१७ एप्रिल, शनिवार
शोभा झाली.

छबूबाईने टोपलीत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मास्तर, इख कसलं! खुडूक हाय ती!" कोंबडीला अंडी उबवायची इच्छा झाली की ती अशीच बसते म्हणे — दिवसचे दिवस, खाणंपिणं टाकून. म्हटलं, कुणाला माहीत होतं हे? "समद्यास्नी!"

सगळ्यांना! आसारामला, गड्यांना, त्या बाभळीलासुद्धा! आठ दिवस माझ्या तीन पानांच्या सावलीत घोरत होते. "तुमी शिकलेले, मंग आमी कशाला बोलायचं," आसाराम म्हणाला. बिचारा ओशाळला होता. पण मी जाम चिडलो. साहेबांना चिठ्ठी धाडली — 'कोंबडी हे उपकरण निरुपयोगी.' तक्ता बंद.

१९ एप्रिल
साहेबांचं उत्तर: नियम तो नियम, टोपली सोडत जा. ठीक. सोडतो. बघणार मात्र नाही.

२१ एप्रिल
काम जोरात. गडी मला पाहून पंख फडफडवतात. फडफडवू देत.

२२ एप्रिल, गुरुवार, दुपार
सकाळी मोठा सुरुंग उडवला. टोपली वर आली तेव्हा कोंबडी बसलेली, मान खाली घातलेली, डोळे मिटलेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. परत माझी गंमत करायची होती!

आसाराम म्हणाला, "मास्तर, उचलून बगू का जरा?"

म्हटलं, "काही नको. खुडूक आहे. उतर."

"तुमी म्हनताय तर व्हय." कमरेला दोर बांधून उतरला. छबूबाई बाजाराला गेली आहे, तेव्हा आज हसायला कोणी नाही. तंबूत बसून हे लिहितोय. बाहेर आरडाओरड चाललीय, काय आहे बघतो

२३ एप्रिल
दवाखाना. छबूबाई पायरीवर बसून आहे. "खुडूक म्या कवाच मोडली हुती, मास्तर. तीन दिस पान्यात बुचकाळून काडली. मंगळवारपास्नं चांगली हिंडत हुती. तुमी इचारलंच न्हाई."

कोंबडी मेली.

आसारामने अजून डोळे उघडलेले नाहीत. तक्ता पुन्हा काढलाय. मिनिटाला नऊ. मघाशी अकरा होते.