घरचं बेणं

१८ नोव्हेंबर, कसबा बावडा

झुंबर, ही वही वाचायला घ्यायच्या आधी कपाळावरचा चष्मा खाली घे. मागच्या दिवाळीत तोच शोधत तू अख्खा गोठा पालथा घातलास आणि शेवटी म्हशीवर आळ घेतलास. तुला काही सांगितलं की तासाभरात धुऊन जातं, म्हणून यंदा लिहूनच पाठवायचं ठरवलंय. लिहिणारी तेजस्वी, आपल्या सम्राटची बायको. मी बोलते, ती लिहिते. माझं ‘हाय’ आलं की ती ‘आहे’ करते. शिकलेली आहे, करू दे.

तर मी नातवाकडं राहायला आले. घर नवं, दोन खोल्यांचं, आणि भिंतीला भिंत लावून त्याची शेड. साखर कारखाना जवळ, त्यामुळं मळीचा वास फुकट. शेडमध्ये मात्र हिरे पिकतात. हसू नकोस. पिंपाएवढं लोखंडी भांडं आहे. आतली हवा पंपानं ओढून घेतात, मग दोन गॅस अगदी थोडे थोडे सोडतात. त्यातला एक म्हणजे आपल्या परड्यातल्या शेणाच्या गॅसचाच भाऊ. दूध तापवायचा मायक्रोवेव्ह असतो ना, तसल्याच पण दांडग्या यंत्रानं आत जांभळा गोळा पेटतो. हा जाळ नव्हे, प्लाझ्मा, असं सम्राट दहा वेळा सांगतो. गोळ्याखाली हिऱ्याच्या पातळ चकत्या मांडलेल्या, त्यांच्यावर गॅसातला कार्बन थरावर थर बसतो. तीन आठवडे बंद करायचं नाही. मध्येच थांबवलं तर पीक गेलं. जाड काचेची एक बारकी खिडकी आहे, तिथून बघायचं. मला टीव्हीपेक्षा बरं वाटतं, आत कुणी रडत नाही.

२० नोव्हेंबर

आज नवी लावणी झाली. सम्राट चिमट्यानं चकत्या मांडत होता. मी म्हटलं, आपल्यात उसाची पहिली कांडी घरच्या बेण्याची लावतात, थोरल्या बाईच्या हातानं, मग इथं सगळं विकतचंच का? तो म्हणाला, आजी, घरचा हिरा कुठून आणू? मी कनवटीची पुरचुंडी सोडली. आपल्या सासूबाईंची नाकातली हिऱ्याची चमकी.

तेजस्वीनं विचारलं, एवढी वर्षं कुठं होती? मी म्हटलं, होती.

सम्राटनं खडा कोंदणातून काढला, आम्लात धुतला आणि चिमटा माझ्या हाती देऊन कडेला ठेवायला लावला. असल्या जुन्या खड्यावर वाढ होईलच असं नाही, म्हणाला, पण झाली तर हा हिरा तेजस्वीच्या नाकात. पोरगी लाजली. आपणही तेव्हा थोडं लाजायला हवं होतं, झुंबर. पण ते राहू दे.

२४ नोव्हेंबर

दुपारचं जेवण झालं की खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते. बाकीचे हिरे पाटासारखे सरळ वर येतायत. माझा एका बाजूला फुगतोय, कडेला काळी खपली धरून. खपली सगळ्यांनाच येते, नंतर कापून काढतो, म्हणाला सम्राट. फुगवटा कशाचा ते त्यालाही सांगता येईना.

आज काचेवर वाफ धरली. पदरानं पुसली, जाईना. आतल्या बाजूनं होती. सम्राटला दाखवायला हाक मारली तर तो येईपर्यंत काच लख्ख. मी वाफेचं सांगितलं. तो म्हणाला, आत हवाच नाही आजी, श्वास घेणार कोण?

मी श्वासाचं काही विचारलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

तेजस्वीनं गुजरीतल्या सोनाराकडं जाऊन नाक टोचून आणलं. डाव्या बाजूचं. तिला ते शोभतं, आणि मला तिच्याकडं बघवत नाही.

वाफ येते, जाते. येते, जाते. मी श्वास रोखला की तीही थांबते आणि वाट बघते. फुगवट्याला आज भोक दिसलं. सम्राटला म्हटलं, बघ. त्याला नुसता वेडावाकडा खडा दिसतो.

नाकपुडी आहे ती, झुंबर. बाईची. चमकीचं भोक पडलेली.

१ डिसेंबर

तेजस्वीच्या नाकाला काळी कड आली. पू नाही, रक्त नाही. पुसलं तर बोटाला काही लागत नाही. हिऱ्याला आहे तसलीच.

सम्राटला म्हटलं, बंद कर ते. का, म्हणाला. सगळं पीक जाईल, आजी, कारण तरी सांग. मी म्हटलं, मला गरगरतंय. त्यानं सरबत करून दिलं. मी प्याले. निर्लज्जासारखी गोड मानून प्याले.

२ डिसेंबर

लावणीचा तेरावा दिवस.

तेजस्वीला सांगितलंय, आता हाय तसं लिही, सुधारू नको.

सासू गेली तवा बनाबाईनं तिला न्हाऊ घातलं. गल्लीतल्या परत्येक मढ्याला तीच घालायची, मागायची काय न्हाय. पाणी तापायच्या आधी मी चमकी काढून घेतली. बनानं बघितलं. झुंबर, तू बी बघितलंस, आणि मी तुला शपथ घातली. तू विसरलीस असं म्हणतेस. मी कधी खरं मानलं न्हाय.

मग घरात गलका झाला. सगळ्यांनी बनाला धरलं. लुगड्याच्या गाठी सोडायला लावल्या, तोंड उघडायला लावलं, नाकाशी दिवा धरून बघितलं. तिनं एकदा बी माझं नाव घेतलं न्हाय. नुसती माझ्याकडं बघत हुती, मी बोलंन म्हणून. चमकी माझ्या कनवटीला हुती.

तेराव्याच्या पंगतीतनं तिला उठवलं. ती मागल्या दाराशी जाऊन बसली. मी पान वाढून आणीन असं वाटलं असंल. मी आतनं कडी घातली. त्याच पावसाळ्यात ती मेली. चोर म्हणून मेली.

तेजस्वीनं हितं पेन ठेवलं हुतं. माझ्याकडं बघितलं न्हाय. मग परत उचललं.

३ डिसेंबर

सम्राटला सांगितलं. त्यानं उठून बटण दाबलं. जांभळं गेलं, पंप थांबला. काचेवरची वाफ थांबली न्हाय—

उघडलं. बाकीचे हिरे जागच्या जागी. माझ्या खड्याच्या जागी काळी खपली, पोकळ. आतलं कायतरी उठून गेलेलं.

५ डिसेंबर

मागल्या दाराशी कोण तरी बसलंय. उघडलं तर कोण न्हाय. पायरीच्या फरशीवर वाफ. येते, जाते—

तेजस्वीची कड गालापर्यंत—

६ डिसेंबर

सम्राट तिला घेऊन राजारामपुरीत डॉक्टरकडं गेलाय. टळटळीत दुपार. घरात मी एकटी.

मी बोलतेय आणि पेन चालतंय.

मी तिकडं बघत न्हाय. माझ्यासारखंच बनाला बी अक्षर येत नव्हतं. शिकली असंल, एवढ्या वर्सांत.

माफ कर म्हटलं की पेन थांबतं. जेवणाचं काढलं की चालतं. तर ऐक, झुंबर, आणि एवढं एक विसरू नको, पोरीचं तोंड काळं व्हायच्या आत पायजे. तिला पंगतीतनं उठवलं त्याच घरचं जेवण पायजे. पुरणाच्या पोळ्या पाच. कटाची आमटी, भात, कुरडई. वर तूप, हात आखडू नको. केळीचं पान वेगळं पाठव, मी वाढीन. वही पोचली की त्याच दिवशी पाठव. आणि आणणाऱ्याला सांग, मागल्या दारानं न्हाय, पुढल्या दारानं आण म्हणावं, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणावं पाट मांड, हे पान बनाबाईचं, चमकी बनानं न्हाय घेतली, घेतली ती—