उभी गाडी

ता. १२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. बंदरावरून टाकलेलं तुझं पत्र मागच्या महिन्यात मिळालं. तू खुशाल आहेस, जहाजावरचा आचारी मिठाच्या बाबतीत हात आखडता घेतो आणि इंजिनरूममध्ये उकडून निघतं, हे पहिल्या चार ओळींत कळलं. पुढची तीन पानं गाडीची होती. तीही वाचली. अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली, कारण हल्ली चष्मा लावूनही त्यांना अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. शेवटी "अण्णांना नमस्कार" एवढंच होतं. ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं, म्हणजे जरा लांबलचक वाटावं.

आता गाडीचं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "दोन वर्षं मालक येणार नसेल तर दोनच रस्ते. एक तर विकून मोकळे व्हा. नाहीतर मी बॅटरी काढतो, पेट्रोल काढतो, गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवतो आणि वर कापड घालतो. मालक आला की मला हाक मारा." मला हे दुसरं पटलं होतं. पण तुझा हुकूम असा की गाडी झोपवायची नाही, दर रविवारी पंधरा मिनिटं चालू करायची, कारण मध्येच रजा मिळाली तर ती तुला तयार हवी. ठीक आहे. गाडी तुझी, हुकूम तुझा, रविवार आमचे.

खरं सांगू? अण्णांना हे काम आवडलंय. पस्तीस वर्षं लोकांची बस चालवली, स्वतःची गाडी काही झाली नाही. तुझी झाली तेव्हा तू त्यांना मागच्या सीटवर बसवलंस. "घासेल हो अण्णा, तुम्हाला आता दिसत नाही." दिसत नाही हे खरंच, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता मात्र रविवारी सकाळी चहा झाला की ते साबणाने हात धुतात, किल्ली घेतात आणि शेडमध्ये जाऊन चक्क स्टिअरिंगमागे बसतात. "फक्त किल्ली फिरवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही" असं तू लिहिलंयस, ते अगदी तंतोतंत पाळतात. परवा परत आले तेव्हा मी विचारलं, "काय, आज कुठवर जाऊन आलात?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत," म्हणाले. "एकही माणूस चढला नाही. धंदा बसला."

आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

एकच अडचण आहे. धूर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरतो. बाई दोनदा खाली येऊन गेल्या. बोलणं गोड, पण नाकाला पदर लावून. काय करायचं ते कळव. मला विचारशील तर अजूनही गॅरेजवाल्याचं ऐकावं.

मला हॉस्पिटलच्या नव्वद पांढऱ्या कोटांचं काम मिळालंय. शिलाई मशीन सोडून उठायची सोय नाही. अण्णांना रविवारचा उद्योग मिळाला ते एका परीने बरंच झालं. तब्येतीला जप.

तुझी,
ताई


ता. ६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कोटांची घाई होती. आता ते संपले. म्हणजे पंचावन्न झाले, उरलेलं कापड परत पाठवून दिलं. मशीन झाकून ठेवलंय. बसलं की हात भरून येतात, दुसरं काही नाही.

तू दोनदा फोन केलास. एकदा मी म्हटलं अण्णा झोपलेत, एकदा म्हटलं बाहेर गेलेत. तुझं बोलणं झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना आता कसलाच त्रास नाही. डोळ्यांची कुरकूर नाही, खोकला नाही. घर इतकं शांत असतं की नळाचा थेंब ऐकू येतो. शिक्षिकाबाई रोज झाकलेलं ताट आणून देतात. नको म्हटलं तरी ओट्यावर ठेवून, मान खाली घालून जातात.

आज लिहायला बसले ते गाडीसाठी. ती विकून टाकावी असं माझं म्हणणं आहे. रविवारचं ते काम आता अण्णांकडून होणार नाही, आणि मी ते करणार नाही. गॅरेजवाल्याकडे घेणारा आहे. सरळ माणूस आहे, गाडी नीट ठेवील. सोबत कागद जोडलाय, फुली केलीय तिथे सही करून उलट टपाली पाठव.

तुझ्या कमाईची पहिली वस्तू आहे, मला माहीत आहे. दोन्ही बाह्या वर सारून तू ती कशी पुसायचास तेही डोळ्यांसमोर आहे. तरी सांगते, विक. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. घर मी बघितलं, अण्णांना मी बघितलं, त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. हे एवढं एक मागते. कारण विचारू नकोस. सही कर.

ताई


ता. १५ जून

धाकट्या,

कागद परत आला. सही नाही. बरोबरच्या चिठ्ठीतली तुझी वाक्यं खाली जशीच्या तशी उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही एकदा वाचता येईल.

"गाडी विकायचा विषय परत काढू नकोस. तुला कंटाळा आला असेल तर अण्णा आहेत की. त्यांना दिवसभर दुसरं काम काय? उलट त्यांना म्हणावं, आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा चालू करा."

अण्णा गेले. मार्चच्या पहिल्या रविवारी. तुझ्या गाडीत, तुझ्या सीटवर, तुझ्या सांगण्याप्रमाणे.

धुराचं काय करू असं मी विचारलं होतं, आठवतं? तू एका ओळीत निकाल लावलास. "शटर खाली ओढून घ्या, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न, बाईंची कटकट नको." शेडचा मागचा झरोका तू जायच्या आधीच पत्रा ठोकून बुजवला होतास, उंदीर येतात म्हणून. तू इंजिनरूममध्ये काम करणारा माणूस. कोंडलेल्या जागेत इंजिनचा धूर काय करतो हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी कापड कापणारी बाई. अण्णांची सगळी हयात उघड्या रस्त्यावर गेली. तुझी ती ओळ मी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बघ, एवढ्या लांबून सुद्धा कसं डोकं चालतं त्याचं." तुझ्याबद्दल ते शेवटचं जे बोलले ते हे. जपून ठेव.

पत्र शनिवारी आलं, दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांनी हात धुतले, किल्ली घेतली. शटर खाली आल्याचा आवाज मी ऐकला, मग गाडी चालू झाल्याचा. मी कोटाला कॉलर लावत होते.

सव्वा तासाने शिक्षिकाबाई खाली आल्या. चक्क आभार मानायला! "आज धूर अजिबात आला नाही हो. अण्णांना सांगा, फार बरं वाटलं. पण गाडी अजून चालूच आहे, विसरले की काय?"

शटर मी उचललं. ते मान एका बाजूला टाकून बसले होते, गाल लालसर, भर दुपारी डुलकी लागावी तसे. दोन्ही हात मांडीवर होते. तू कशाला हात लावायचा नाही म्हणाला होतास ना, म्हणून. इंजिन मी बंद केलं. बाई मागे जमिनीवर बसून ओरडत होत्या.

पोलिसांतला साहेब आला. शेडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "घरात काही कुरबूर? त्यांनी स्वतःहून तर नाही ना?"

अण्णांवर तो डाग मी कसा येऊ देईन? तुझं पत्र आणून त्याच्या हातात दिलं. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"कुणी लिहिलंय?"

"धाकट्या भावाने."

"त्याला कळवलंत?"

"कळवलं," मी म्हटलं. शिपायाने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, जहाज उद्या बंदराला लागतंय, परवापर्यंत तुमच्या भावाला घरी पोचवतो, तोवर अंत्यविधी थांबवाल का? मी नको म्हटलं. त्याला काही सांगूही नका, मीच पत्राने कळवीन. तेव्हा मनाची समजूत घातली की तुझं काम मोडायला नको. थाप होती ती. मला तू यायला नको होतास. तू आला असतास, अण्णांच्या पायाशी बसून रडला असतास, लोकांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. ते तुला मिळू द्यायचं नव्हतं. शेवटचं जे काही करायचं ते मी एकटीने केलं. लोक विचारत होते, मुलगा कुठे आहे? मी सांगत होते, त्याला वेळ नाही.

फोनवर "झोपलेत" म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तू म्हणालास, "बरं, मग झोपू दे." मी म्हटलं, "हो."

आणखी एक आहे. ते या पत्रात नाही लिहिलं तर पुन्हा कधीच लिहिणार नाही. तू आला असतास तर पहिला प्रश्न मला विचारला असतास. ताई, सव्वा तास? तू घरातच होतीस ना?

होते. अर्ध्या तासाने मी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. उठावं असं मनात आलंही. मग वाटलं, बसू दे. आले की पाणी मागतील, बसचा तोच किस्सा चौथ्यांदा सांगतील, मला हसावं लागेल. तेवढ्यात दोन कॉलरी होतील. अण्णांची नोकरी संपल्यापासून सहा वर्षांत घरात एवढी शांतता मला मिळाली नव्हती. मी गुणगुणत होते, धाकट्या. डॉक्टरांना मी नंतर एकटीने जाऊन विचारलं. ते म्हणाले, अर्ध्या तासाने बाहेर काढलं असतं तर कदाचित. एवढं बोलून ते कागद चाळायला लागले.

हे मी पोलिसांना सांगितलं नाही. त्यांना दाखवायला माझ्याकडे तुझं पत्र होतं.

शिक्षिकाबाई अजून रोज म्हणतात, "मी तक्रार केली नसती तर?" "नाही हो बाई, तुमचा काय दोष" एवढे चार शब्द बोलले तर त्यांना झोप लागेल. मी बोलत नाही. ताट घेते आणि दार लावते.

आता गाडीचं. एप्रिलमध्ये तू सही केली असतीस तर मी तुला सांगणार होते की अण्णा झोपेत गेले, हृदय थांबलं. गॅरेजवाल्याला तसं पढवून ठेवलं होतं, बाईंनाही. गाडी लांब कुणाच्या तरी दारात गेली असती, मी तुझी पत्रं फाडून टाकली असती आणि तू म्हातारा होईपर्यंत तुला काही कळलं नसतं. एवढी माया तोवर शिल्लक होती. तुझ्या एका सहीचं काम होतं. तू लिहिलंस, दोनदा चालू करा.

म्हणून आता विकणार नाही. परवा गॅरेजवाल्याने बॅटरी काढली, पेट्रोल काढलं, गाडी ठोकळ्यांवर चढवली. खिडक्यांच्या काचा मी त्याला उघडू दिल्या नाहीत. सीट अण्णांनी सारून घेतली होती तिथेच आहे. पुढच्या वर्षी उतरशील तेव्हा किल्ली शिक्षिकाबाईंकडे मिळेल. काय झालं ते त्यांना विचार, त्या पहिल्यापासून सगळं सांगतात, मधे थांबवता येत नाही. मग विकायची की ठेवायची ते सावकाश ठरव. माझं मत आता विचारू नकोस.

मी घर सोडतेय. हॉस्पिटलच्या कपडेखात्यात फाटलेल्या चादरी शिवायचं काम मिळालंय, राहायला तिथेच एक खोली आहे. खोलीला खिडक्या दोन आहेत, मी बघून घेतल्या. पत्र टाकायचं असेल तर हॉस्पिटलच्या पत्त्यावर टाक. उघडीन की नाही हे आज सांगता येत नाही.

तुला माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही आणि मला तुझ्याशिवाय, नाइलाजाने,

तुझीच,
ताई