पांढरा पट्टा

प्रिय गांडूळबाई,

तुझ्या मैत्रिणींनी हे पत्र खेचून मोठ्यानं वाचलं तर तुझी फजिती व्हावी, म्हणून ही हाक मुद्दाम घातली आहे. लहानपणी खिशातून गांडुळं घरात आणताना लाज वाटली नाही, आता कशाला वाटेल? पत्र तुझ्या आजीचंच, पण लिहिते आहे खालच्या मजल्यावरची शिंपीण. तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिही, स्वतःची झालर लावू नकोस. तर माझा खोकलाही लिहायचा का, म्हणून विचारते. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला हसवतेस आणि विषय बदलतेस. कागदाला हसू येत नाही.

घरी बरं आहे. माझा गुडघा कुरकुरतो, तुझा बापही कुरकुरतो. तू शहरात जाऊन बागायतीच्या वर्गात नाव घातलंस तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं ना? गवत कापायला शाळेत कशाला जायला हवं, म्हणे. आता तोच न्हाव्याच्या दुकानात बसून सांगतो, आमची मुलगी कलमं बांधते, दोरी धरून वाफे आखते, चौकटीच्या कागदावर अख्खी बाग काढते, आणि तीसुद्धा झाडं पुढे किती पसरतील ते धरून. पहिल्या वर्षी पाणी घालघालून टोमॅटोची सगळी रोपं कुजवलीस, ते तो सांगत नाही. ते मी सांगते.

आता आपल्या झाडाविषयी. त्याचं लांबलचक नाव तू मला सांगितलं होतंस, मी ते तेव्हाच विसरले. माझ्या लेखी ते माझ्या खिडकीसमोरचं झाड. मला कॅलेंडर वाचता येत नाही, पण त्याला तांबूस पालवी फुटली की जाड पांघरूण पेटीत घालायचं आणि शेंगा वाजायला लागल्या की बाहेर काढायचं, एवढं त्याने मला शिकवलंय. गुडघ्यापायी जिना सुटला तेव्हापासून तर दिवसभर मी त्याच्याशीच भांडते. तुझा बाप कामावर गेल्यावर उलट उत्तर न देणारं दुसरं आहे कोण?

नगरपालिकेने गावातली झाडं तपासायला तुमच्या वर्गाला वाटून दिली आणि आपली गल्ली तुझ्या वाट्याला आली, त्या दिवशी मी खिडकीतच होते. पायात ते बोजड बूट, हातात लाकडी हातोडी, शेजारी रंगाचे दोन डबे. धडधाकट झाडाला पांढरा पट्टा आणि पाडायच्या झाडाला लाल, हे तूच मला खालून ओरडून सांगितलंस. पांढऱ्या पट्ट्याचं झाड मग पुन्हा तपासायला कुणी फिरकत नाही, हेही. मी म्हटलं, माझ्या झाडाला लाल लावलास तर या घराची पायरी चढू नकोस. न्हावी हसला, तूही हसलीस. मग बुंध्याभोवती फिरत हातोडी वाजवू लागलीस. भिंतीकडच्या बाजूला आलीस आणि थबकलीस. तिथेच पुन्हा वाजवलीस. पुन्हा. बुंध्याला कानाच्या पाळीसारखी बुरशी फुटली होती, ती टाचेने खरवडलीस आणि इकडेतिकडे बघून पिशवीत टाकलीस. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंस, आणि पांढरा डबा उघडलास.

सुईत दोरा ओवायला मला शिंपीण लागते, पण लांबचं मला छान दिसतं, हे तू विसरलीस.

तेव्हा मी काही बोलले नाही. माझ्यासाठी केलंस म्हणून सुखावले, हेही लिही म्हटलं हिला. पण आठवडाभर वारा सुटलाय, पोरी. पानांची सळसळ आणि फांद्यांची करकर माझ्या ओळखीची आहे. हे वेगळं आहे. ओझं उचलताना माणूस दात आवळून कण्हतो ना, तसा आवाज खालून, पार मुळातून येतो. मी झोपायला मागच्या खोलीत गेले आहे. तिथे गार वाटतं असं तुझ्या बापाला सांगितलं आणि त्याचीही खाट मागे ओढायला लावली. तरी प्रत्येक झुळुकीला उठून बसते.

शेवटी शिंपिणीचा हात धरून जिना उतरले. जिथून तू एक कान काढलास तिथे नवे फुटलेत, आधीच्याहून मोठे. मी काठीने बुंधा वाजवून पाहिला. रस्त्याच्या बाजूला भरीव. भिंतीच्या बाजूला रिकाम्या पिंपासारखा. तेवढ्यात वारा आला आणि मुळांवरची माती हळूच वर उचलली गेली आणि खाली बसली. जमीन श्वास घेत होती, माझा मात्र बंद झाला होता.

सकाळी त्याच सावलीत बालवाडीची मुलं गाडीची वाट बघत उभी असतात, तुला ठाऊक आहे. कुणी मुळावर बसतं, कुणी बुंध्याला पाठ टेकतं. मी गाडीवाल्याला म्हटलं, बाबा, गाडी कोपऱ्यावर उभी करत जा. तो बोट दाखवून म्हणाला, “आजी, पांढरा पट्टा आहे की. तुमच्याच नातीने मारलाय.” न्हाव्यानेही तेच सांगितलं, वर तुझं कौतुक केलं. अख्खी गल्ली तुझ्या शब्दावर त्या झाडाखाली निर्धास्त उभी आहे. एरवी ऐकून मी फुगले असते. आता ऐकवत नाही.

तुझ्या वर्गाच्या बाई काय म्हणतील, याची मला तुझ्याइतकीच धास्ती आहे. वर्गातून काढतील, हातोडी काढून घेतील, काहीही होईल. म्हणूनच शिंपिणीला त्यांच्याकडे परस्पर पाठवलं नाही. तिने सांगितलं तर ती तुझी चुगली होईल. तू सांगितलंस तर तुझी चूक तूच निस्तरलीस असं होईल. तुझ्या बापालाही कळू दिलेलं नाही, नाहीतर तो उद्याच तुला हिशेबाच्या वर्गात नेऊन बसवेल. आणि माझ्या खिडकीची काळजी करू नकोस. झाड गेलं तर समोरच्यांच्या घरात काय चाललंय ते तरी दिसेल.

आता पत्राचं खरं कारण. शिंपीण मघापासून मागे लागली आहे, ते सांगा आधी म्हणून. रोज सकाळी मुलं यायच्या वेळेला मी खाली उतरते आणि बुंध्याशी, ती उभी राहतात नेमकी तिथे, खुर्ची टाकून बसते. जवळ येईल त्याला काठी दाखवते. मुलं मला चेटकीण म्हणतात, त्यांच्या आया नाकं मुरडतात, तुझ्या बापाला वाटतं म्हातारी चळली. पण मुलं जाऊन कोपऱ्यावर उभी राहतात. वारा आला की मी वर बघत नाही, काठी घट्ट धरते. मला फार भीती वाटते गं. हे आजवर तुझ्यापुढे कधी बोलले नव्हते. हे पत्र पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हातात देते आहे, दुपारपर्यंत तुला मिळेल. मिळाल्याबरोबर बाईंकडे जा, त्यांना घेऊन ये, लाल डबा विसरू नकोस. परवापर्यंत आली नाहीस तर मात्र शिंपीण त्यांच्या दारात उभी राहील. तोवर माझी खुर्ची काही हलायची नाही. ही धमकी समजायची का, असं शिंपीण विचारते आहे. मी म्हटलं, हो, तसंच लिही.

तुझीच,
झाडाखालची चेटकीण