चुकीचा रेझिस्टन्स

२ जुलै १९९४, रोहा
आज इथे बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड कसलं, एक ट्रंक, सोल्डरिंगचं सामान आणि शांतीचा फोटो. काळुरामच्या लाउडस्पीकरच्या दुकानामागची खोली मिळाली. खिडकीतून कुंडलिका नदी दिसते. ती पाहताच चौथीतली कविता ओठांवर आली, आमच्या मास्तरांनी स्वतः रचलेली:

नदीकाठच्या आंब्याखाली निजली होती सावली,
वाऱ्याने तिज हाक मारता उठुनि घराला धावली.

शांती गेली त्या आठवड्यातही माझ्याकडून म्हणवून घ्यायची. चाळीस वर्षं मुंबईत रेडिओ दुरुस्त केले. आता नदीकाठी बसून एकच काम. काळुरामला इकोची पेटी करून द्यायची. मला अण्णा म्हणतो. पहिल्याच दिवशी सुकटीची चटणी पाठवली.

४ जुलै
जुनी पेटी पाहिली. इथले मेकॅनिक कै. बाबाजी यांनी वीस वर्षांपूर्वी हाताने केलेली. माईकमधला आवाज टेपच्या फिरत्या पट्टीवर घ्यायचा, क्षणभराने परत सोडायचा. काळुराम सांगतो, भजनाला ही पेटी असली की घोगरा गडीही गोड वाटायचा. गाणारे मात्र वह्या उघडून बसत. पाठांतर म्हणून कुणाचं टिकायचंच नाही, म्हणाला आणि हसला. बाबाजी जाण्याआधी वर्षभर पेटीचा गळा बसला. तो जुना आवाज गणपतीआधी हवा. तळाशी बाबाजींनी काढलेला जोडणीचा नकाशा सापडला. पंधरा दिवसांत तशीच नवी करतो म्हणालो.

१३ जुलै
पंधरा दिवस! नकाशाबरहुकूम सगळं जोडलं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातला. दोष रेझिस्टन्सचा, वीज अडवणाऱ्या त्या इवल्या नळ्यांचा. रुपेरी पट्टा म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे, हे बनवणारेच कबूल करतात. पट्टाच नसेल तर वीस. सत्तेचाळीस हजार ओहम म्हणून घेतलेला माल मीटरवर कधी बेचाळीस, कधी एकावन्न. कवितेत मात्रा कमी पडली तर गाणारा ओढून घेतो. इथे कोण ओढणार?

२४ जुलै
पेणहून दोनशे रेझिस्टन्स आणवले, त्यातले अकरा कामाचे. सकाळी जुळवलेला दुपारी दमट हवेने सरकतो. एवढ्यात म्हशीला दोन रेडकं झाली असती, असं काळुराम दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. मला हसू आलं नाही. जेवणाची चवही गेलीय.

एक शोध मात्र लागला. जुन्या पेटीत सगळे भाग नकाशाशी टक्क्या-अर्ध्या टक्क्यात जुळतात. एवढं बाबाजींनी कसं साधलं, देव जाणे. फक्त एके ठिकाणी सत्तेचाळीस हजारांऐवजी एकोणचाळीस. सोल्डरचा टाका नवा, घाईचा. म्हातारपणी नजर चुकली असणार. गळा बसला तो इथेच. माझ्या पेटीत ही चूक राहणार नाही.

२९ जुलै
बेचाळीसवाला घेतला, कानशीने कार्बन घासत घासत बरोबर सत्तेचाळीसवर आणला. मीटरचा काटा केसभर हलत नाही. माईकमध्ये कवितेची पहिली ओळ म्हटली. काय परत आली! पाटीचा, शाईचा वास आला. हात जोडले बाबाजींना.

संध्याकाळी नदीवर ती ओळ आठवेना. वय.

३१ जुलै
वय नव्हे. काल दुसरी ओळ म्हटली, तीही गेली. रोजनिशीत वाचल्या, परक्या कुणाच्या तरी वाटतात. पेटी मात्र दोन्ही म्हणते. टेपची पट्टी काढून ठेवली तरी.

२ ऑगस्ट
एसटीने पेण, तिथून हमरापूर. बाबाजींची बायको चंद्रावती तिथे माहेरी गणपतींचे डोळे आखते. हातातली कुंचली खाली न ठेवता तिने सांगितलं: बाबाजी शेवटी तिला ओळखत नव्हते. तिचं नाव पेटीच घ्यायची, त्यांच्या आवाजात. एका सावध दिवशी त्यांनी स्वतःच तो एक भाग बदलला. मी सत्तेचाळीसचं सांगितलं. तेव्हा कुंचली थांबली.

“आमच्यात डोळे शेवटी काढतात, अण्णा. तवर ती माती. ह्यांनी त्या पेटीचा एक डोळा मुद्दाम अधू ठेवलावता. तुमी तो नीट केलाव?”

मी पिशवी उचलली, परतीची एसटी धरली.

३ ऑगस्ट
एकोणचाळीसचा हातात आहे. तो बसवला की पेटी मुकी. पण मग त्या ओळी — माझ्याकडे नाहीत, तिच्याकडेच आहेत. शांतीच्या आवडीच्या. उद्या बसवतो. एकदा ऐकून.

५ ऑगस्ट
काळुराम ऐकून गेला. खूश. गणपतीत घराघरातून आरतीला लावणार म्हणतो. पोरंटोरं माईकपुढे — नाही. द्यायची नाही. एकोणचाळीसचा बसवायला सोल्डरिंगची सळई तापत ठेवली. त्याआधी एकदाच, एकदाच, बायकोचं नाव घेतलं. लग्नाच्या वर्षी घ्यायचो तसंच परत आलं —

तारीख —
ट्रंकेवर एका बाईचा फोटो. पहिल्या पानावर लिहिलंय, शांती. अक्षर माझं. कोण ही — रडू का येतंय —

सळई तापलीय. कशाला तापवली होती —

काळुराम दारातून हाक मारतो, अण्णा. पेटीच ओ देते. माझ्या आवाजात. तो तिच्याशी बोलतोय, पेटी उद्या घेऊन जा म्हणते ती — मला सांगायचंय, तो मी नव्हे, मी इथे आहे, मी, मी म्हणजे —