बाबा नाही म्हणाले नाहीत

१९ सप्टेंबर २०१४, शुक्रवार

पोचले! मोटार डेलच्या अंगणात लावली आणि उरलेला अर्धा मैल चालत आले. बाबांच्या फाटकातून मोटार आत न्यायची छाती झाली नाही. डेल म्हणाला, "मी येऊ का सोबत?" नको म्हटलं. पन्नास वर्षं आमच्या घोडागाडीवाल्या लोकांच्या शेजारी राहून हा एक इंग्रज (बाहेरच्या सगळ्यांना आम्ही इंग्रजच म्हणतो) शहाणा झालाय – दुसरा प्रश्न विचारत नाही.

ओर्फाताईचं पत्र वाटेत चारदा काढून वाचलं. "आईचे डोळे गेल्यातच जमा आहेत. ती म्हणते, यंदा सफरचंदं आटवायला वेर्ना घरी हवी. बाबांना विचारलं. बाबा नाही म्हणाले नाहीत."

बस्स, एवढ्यावर निघाले! सतरा वर्षांनी!

आई दारातल्या पायरीवर बसली होती. पावलं ऐकून म्हणाली, "कोण? ओर्फा का?" मी जाऊन तिच्यापुढे बसले. तिनं हात पुढे केला. माझ्या गालावरून, कपाळावरून फिरवला. कापलेल्या केसांपाशी जरा थांबली. मग म्हणाली, "किती गं वाळलीस!" केसांबद्दल चकार शब्द नाही.

बाबा त्यांच्या शेडमध्ये, घोड्यांचे पट्टे ठोकत-शिवत होते. बाहेर आले नाहीत. पण मी पायरीशी पोचले तेव्हा हातोडीचा आवाज थांबला होता. बराच वेळ. मग पुन्हा सुरू झाला.

जेवायला टेबलं दोन. मोठ्यावर आई, बाबा, ओर्फाताई आणि लेवायभावजी. छोट्यावर मी. चर्चच्या मंडळीतून काढलेल्या माणसाबरोबर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही – ठाऊकच होतं. पण आईनं दोन्ही टेबलं जवळ ओढायला लावली आणि वरून एकच चादर अंथरली. मधली चार बोटांची फट दिसत नाही. गुडघ्याला लागते.

२० सप्टेंबर, शनिवार

बाबा बोलले नाहीत. नूडल्सचं भांडं मी त्यांच्यापुढे ठेवलं. मी हात काढून घेतल्यावरच त्यांनी ते उचललं. पण दोनदा वाढून घेतलं!

२१ सप्टेंबर, रविवार

या आठवड्यात प्रार्थना नाही, पुढच्या रविवारी. सगळे घरीच. दिवस सरता सरेना. शेवटी एकटीच धाकट्या बहिणीच्या, मलिंडाच्या थडग्याशी जाऊन आले. बाकीच्यांसारखाच साधा दगड. आजूबाजूचं गवत नीट कापलेलं.

अकरा वर्षांची होती. तोही रविवारच. फेब्रुवारी. मी आदल्या दिवशी ओर्फाताईकडे गेले होते, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. दुपारी चारला घरी परतले तर मलिंडा खाटेवर कागदासारखी पांढरी, गुडघे पोटाशी घेतलेली. पोटावर जवसाचं पोटीस. "सकाळपासून दुखतंय," आई म्हणाली. सकाळपासून! मी बर्फातून धावत डेलकडे गेले, फोन केला, गाडी आली. डॉक्टर म्हणाले आतडं फुटलंय, सकाळी आणायला हवी होती. मंगळवारी गेली. गुरुवारी पुरली.

आणि पुरून आल्यावर, चारशे माणसं अंगणात असताना, मी बाबांसमोर उभी राहिले. "तुम्ही मारलंत तिला. घोडा तबेल्यात होता, शेजारी फोन होता, आणि तुम्ही बसून राहिलात!" असं म्हणाले. सगळ्यांसमोर. बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. आई त्यांच्या शेजारीच. बाबा एक शब्दही उलट बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा मला असा संताप आला की त्या आठवड्यातच घर सोडलं. बाप्तिस्मा घेऊन मंडळीत राहायची शपथ झालेली होती, त्यामुळे मंडळीनं नाव काढून टाकलं. मी कोलंबसला नर्स झाले. कितीतरी पोरींची पोटं वेळेवर दवाखान्यात पोचवली. दर वेळी मनात म्हणायचे – बघा, बाबा!

आता लिहिताना लाज वाटते.

२२ सप्टेंबर, सोमवार

ताईबरोबर कपडे धुतले. चिमटे लावता लावता म्हणाली, "आपली घरची बोली पार गंजली गं तुझी! काल चुलीला घोडी म्हणालीस." आणि माझे हात धरून, "बघा बाई, साबणाच्या जाहिरातीतले हात!" इतकी हसलो की बाबांच्या शेडमधली हातोडी थांबली. ताईनं डोळा मारला. "हसू येतंय म्हाताऱ्याला. दाखवायचा नाही."

२४ सप्टेंबर, बुधवार

काय लिहू!  

सकाळपासून अंगणात तांब्याची मोठी कढई. सफरचंदाचा रस, मग फोडी, मग दालचिनी. क्षणभरही थांबायचं नाही, नाहीतर तळाला लागतं. ढवळायचा दांडा आठ फूट लांब, दोघांनी धरायचा. मी आणि ताई. दुपारी तिच्या धाकट्यानं घरात भोकाड पसरलं, तशी ती दांडा सोडून पळाली. "अगं ताई! लागेल ना खाली!" मी ओरडतेय. एकटीला तो दांडा हलेना.

आणि माझ्या हातांच्या वर दोन हात आले. काळे, शिवणीच्या दोऱ्याचं मेण लागलेले, बोटं वाकडी झालेली.

दांडा मी त्यांना दिला नव्हता, त्यांनी माझ्या हातून घेतला नव्हता. दोघांनी धरला होता, एवढंच. नियमात बसतं की नाही ते बिशपना ठाऊक!

दांड्याचे चार फेरे झाले. मग म्हटलं – आता नाही तर कधीच नाही. "बाबा, मी त्या दिवशी अंगणात जे बोलले –"

"कडेनं फिरव. मध्ये नको."

कडेनं फिरवलं. "बाबा, मला माफ करा. लोकांसमोर बोलायला नको होतं. बोलायलाच नको होतं."

ते कढईकडे बघत होते. दाढी पार पांढरी झाली आहे. म्हणाले, "माफ तर त्याच दिवशी केलं होतं."

"मग इतकी वर्षं –"

"दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर परत करावं लागलं. तिसऱ्या दिवशी परत. रोज सकाळी घोड्याला दाणा घातला की करायचं. सवयच झाली." मग दांडा कडेला नेत, "या दोन-चार वर्षांत मात्र करावं लागत नाही. करायला गेलो की झालेलंच असतं."

मी रडत होते आणि ढवळत होते. म्हणाले, "त्यात टिपं पाडू नकोस, खारट होईल."

मग मी एक विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "तेव्हा तुम्ही उलट बोलला का नाहीत? एकदा तरी?"

"काय बोलणार? उशीर झाला होता. माझ्या घरात झाला. घर माझं." इतकंच म्हणाले. मग "जाळ वाढवायला हवा," म्हणून लाकूड आणायला गेले.

संध्याकाळी चाळीस बरण्या भरल्या. बाबांनी एक छोटी बरणी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला. स्वतः! "कोलंबसला असली मिळते का?"

"नाही बाबा."

"मिळणारच नाही. तिथं साखर घालतात."

२५ सप्टेंबर, गुरुवार

आठ तास झोपले. आठ! छातीवरून कुणीतरी दगडी जातं उचलून नेलंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बिशप योस्ट आले. म्हणाले, "गुडघे टेकून चूक कबूल कर, परत ये. तासाभरात मिटेल." मी म्हटलं, "गुडघे टेकेन हो, पण उठल्यावर परत मोटारीतच बसणार. दवाखाना सोडवणार नाही. खोटं कशाला बोलू?" ते दाढीत हसले. "खोटं बोलणारी असतीस तर सतरा वर्षं कशाला लागली असती?"

बाबा शेडच्या दारातून म्हणाले, "तिचं माझ्याशी मिटलंय, योस्ट. मंडळीचं तुम्ही बघा, सावकाश."

म्हणजे टेबलं दोनच राहणार. राहू देत. बिशपनी जाताना विचारलं, "नाताळला येणार ना?" – विचारलं!

२७ सप्टेंबर, शनिवार

आज निघायचं. बाबा मोटारीत ठेवायला बरण्या घेऊन डेलकडे गेले होते. आई आणि मी घेवडा सोलत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "त्या रविवारी त्यांनी सकाळी आठलाच घोडा जुंपला होता. मलिंडाला न्यायला. मी लगाम धरला. म्हटलं, आज देवाचा दिवस आहे, ताप उतरेल, थांबा. ते थांबले."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सतरा वर्षं मी भलत्याच माणसावर चिडले होते. आता आईवर चिडायला गेले, तर राग सापडेना. तिचे दोन्ही हात धरून ठेवले, बस्स.

"तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस," आई म्हणाली. "त्यांना वाटतं, मी विसरले."