चौथ्या चित्रातल्या आठ मात्रा

मी, अनुसूया दत्तात्रेय लघाटे, वय ७१, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार ओरछा गेट, झाशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉ. कमल बाक्रे यांनी आज सकाळीच मला तपासले. डोके ठिकाणावर आहे असे त्या म्हणतात.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझा दिवंगत भाऊ मधुसूदन याची मुलगी इंदू हिला मिळावी. चुलतभाऊ नीलकंठ याला काही नाही. मधूचे चित्र पाहून तो "भिंतीवर डांबर सांडलंय" म्हणाला होता.

२. मधू नव्या धर्तीची चित्रे काढी. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग. त्यांतल्या चार चित्रांवरून मी व्हायोलिन, सतार व दिलरुबा यांच्यासाठी चार रचना बांधल्या. आमच्या बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस माणसांसमोर त्या वाजत. पहिली तीन चित्रे व माझे व्हायोलिन इंदूला द्यावे.

३. चौथे चित्र काळे, मधोमध पांढरी फट. त्या फटीसाठी मी आठ मात्रा रिकाम्या ठेवल्या. मधू म्हणाला, "ताई, तिथे मला गाऊ दे." मी म्हटले, "तू बेसूर आहेस. चित्रं काढ." तो रागाने एरच गावी निघून गेला आणि तिथे बेतवा नदीत बुडाला. सन १९६९. इंदू दीड वर्षाची होती.

महिन्याभराने आम्ही ती रचना वाजवली. रिकाम्या मात्रांत कोणीतरी गुणगुणले. सतारीवर बापूराव मोघे होते, त्यांचा हात थांबला. म्हणाले, "अनुताई, हा मधूच." तेव्हापासून बावीस वर्षे त्या जागी मी व्हायोलिनचा गज ओढत आले, त्याचा आवाज दाबण्यासाठी. हा माझा अपराध मी येथे कबूल करते.

४. गेल्या गुरुवारी दुपारी मी एकटीच चित्रासमोर बसले व ती जागा मोकळी सोडली. म्हटले, मधू, गा. आवाज आला, पण मधूचा नव्हता, म्हातारीचा होता. इंदू स्वयंपाकघरातून धावत आली. ती मराठी वाचते, पण बोलते हिंदीतच. "आत्या, आप गा रही थीं?"

माझे ओठ मिटलेले होते.

म्हणून ही घाई. चौथे चित्र व त्या रचनेची वही माझ्या चितेवर ठेवावी. इंदू, तुला ती रचना पाठ आहे, हे मला ठाऊक आहे. वाजवू नकोस. गेलेल्या माणसाला ऐकणे काय असते, ते मी जाणते. तू मला ऐकू नयेस.

सर्व मजकूर माझ्या हातचा असून, पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) अनुसूया दत्तात्रेय लघाटे

साक्षीदार:
१. (सही) बापूराव गणेश मोघे
२. (सही) डॉ. सौ. कमल बाक्रे

झाशी, दि. १८ नोव्हेंबर १९९१